जखमेच्या नोंदीतला गिनिपिग कुठे गेला?

"जखम झाल्यापासून सहा तासांच्या आत टाके पडले पाहिजेत, नंतर घालता येत नाहीत." प्रथमोपचाराच्या पुस्तिका, आरोग्याची सदरं, दवाखान्याच्या बाकावरच्या गप्पा, सगळीकडे हे वाक्य भेटतं. ते आलं कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही. माग काढत गेलं की आपण १८९८ सालच्या जर्मनीत पोचतो. पाउल फ्रीडरिश या सर्जनने गिनिपिगांना जखमा केल्या, त्यांत बागेतली माती आणि जिन्यातली धूळ भरली आणि दूषित कडा किती वेळाच्या आत कापून काढल्या तर संसर्ग टळतो ते पाहिलं. उत्तर आलं सुमारे सहा तास. प्रतिजैविकं तेव्हा नव्हतीच, आणि प्रयोगही टाक्यांच्या वेळेचा नव्हता, कडा कापून काढण्याचा होता. पुढे हा आकडा एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेला आणि दर वेळी काहीतरी गळत गेलं. आधी माती गळली, मग कडा कापणं गळलं, शेवटी गिनिपिगही गळला. राहिला नुसता आकडा.

आज टाके कधी घालायचे हे जखम कुठे आहे, किती मळली आहे, कडा चिरडल्या आहेत की सरळ कापल्या आहेत, रुग्णाला मधुमेह आहे का, यावर ठरतं. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथे उशिरानेही टाके घालतात. जखम फारच मळकट असेल तर धुऊन, मेलेली ऊती काढून चार-पाच दिवस उघडी ठेवतात आणि मग शिवतात. सहा तासांची भिंत कुठेच नाही. पण बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार किंवा पाटोद्याच्या एखाद्या वस्तीवर रात्री कोयता लागलेला माणूस "आता सहा तास होऊन गेले, जाऊन काय उपयोग" म्हणून सकाळी घरीच बसला, तर त्याला घरी बसवणारं वाक्य कुणीतरी आधार न तपासता लिहिलेलं असतं.

जखमांवरच्या लिखाणात असे प्राणी ठिकठिकाणी हरवलेले आहेत. "भरलेल्या जखमेची ताकद मूळ त्वचेच्या ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही" हे वाक्य बहुतेक लेखांत असतं. तो आकडा मुळात उंदरांच्या त्वचेवरच्या मोजमापांतून, १९६५ च्या एका शोधनिबंधातून आलेला आहे. "जखम कोरडी ठेवण्यापेक्षा ओलसर झाकलेली लवकर भरते" हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकराच्या पिलांवर दाखवलं. पातळ प्लास्टिकच्या पडद्याखाली झाकलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने चढली. इथे एक फरक आहे, आणि तो ज्ञानकोशातल्या जखमेच्या नोंदीत यायला हवा. विंटर यांचा निष्कर्ष पुढच्याच वर्षी माणसांवर तपासला गेला आणि टिकला, आजच्या ड्रेसिंगची सगळी बांधणी त्यावर उभी आहे. फ्रीडरिश यांचा आकडा माणसांवर तसा टिकला नाही. दोन्ही वाक्यं प्राण्यांवरूनच आली, पण एकाचं पुढे काय झालं ते कळतं आणि दुसऱ्याचं कळत नाही, कारण मधला दुवाच कुणी लिहून ठेवला नाही.

ज्ञानकोशातल्या नोंदीला दोन उलट्या अटी एकदम पाळाव्या लागतात. माहिती उसनी असली पाहिजे आणि वाक्य आपलं असलं पाहिजे. शोधनिबंधात नवं काही नसेल तर तो परत येतो. ज्ञानकोशात लेखकाने स्वतः शोधलेलं काही असेल तर ते काढून टाकावं लागतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथे या दोन्ही अटी लिखित धोरण म्हणून आहेत. प्रत्येक विधान पडताळून पाहता आलं पाहिजे, नवं संशोधन नको आणि दुसऱ्याची वाक्यं जशीच्या तशी नकोत. प्रत्यक्षात नवं लिहिणारा नेमकं उलट करतो. माहिती स्वतःच्या अनुभवाची घालतो आणि वाक्यं दुसऱ्याची उचलतो. इतिहासाच्या किंवा गावाच्या नोंदीत यामुळे वाद होतात. जखमेच्या नोंदीत हात जातो, पाय जातो, कधी माणूस जातो. म्हणून या एका विषयात तरी आधाराची शिस्त हा उपचाराचाच भाग धरावा, असं माझं म्हणणं आहे.

"पण मी स्वतः डॉक्टर आहे, मला आधार कशाला?" हा आक्षेप पहिल्याच दिवशी येतो. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव छापलेलं असतं आणि वर संपादक मंडळ असतं. वाचक त्या नावावर विसंबतो आणि चूक निघाली तर जबाब कुणाला विचारायचा हे माहीत असतं. खुल्या ज्ञानकोशात नाव नसतं. आज घाटी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरने लिहिलेला परिच्छेद उद्या अकरावीतला मुलगा बदलू शकतो, आणि दोघांच्या वाक्यांचा रंग वाचकाला सारखाच दिसतो. तिथे तळटीप हीच सही. डॉक्टरचं ज्ञान आधार शोधताना उपयोगी पडतं, कारण कुठलं पुस्तक जुनं झालं आणि कुठला आढावा विश्वासार्ह हे त्याला पटकन कळतं. आधाराची जागा मात्र ते घेत नाही.

आता हळदीकडे येऊ. जखमेची मराठी नोंद हळदीशिवाय पुरी होत नाही, आणि हळदीच्या वाक्याइतकं ढिसाळ वाक्य दुसरं सापडत नाही. नमुना असा असतो: "हळद जंतुनाशक असून जखम लवकर भरते, हे अमेरिकेनेही मान्य केले आहे." यातला अमेरिकेचा भाग हवेतून आलेला नाही, पण तो उलटा वाचला गेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीने जखम बरी करण्याच्या पद्धतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिलं. क्रमांक ५४०१५०४. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. लढाई नवेपणाची होती. हळदीचा हा वापर आधीपासून माहीत आहे एवढंच सिद्ध करायचं होतं. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातला नुसता वापर पुरत नव्हता, छापील पुरावा लागत होता. आपल्या घराघरांतली आजी साक्षीला चालत नव्हती. म्हणून सीएसआयआरने संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतले ३२ संदर्भ जमवले. त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता.

यातून काय सिद्ध झालं? लोक हळद लावत आले आहेत, हे. हळदीने जखम लवकर भरते, हे त्या निर्णयात तपासलंच गेलं नाही, तपासायची गरजही नव्हती. म्हणजे पेटंटच्या निकालाची तळटीप "जखम भरते" या वाक्याला लावली तर ती खोटी तळटीप. संदर्भ खरा, दुवा उघडतो, वर्ष बरोबर, आणि तरी खोटी, कारण संदर्भ जे म्हणतो ते वाक्य म्हणत नाही. आधार नसलेल्या वाक्यापेक्षा हा प्रकार वाईट. आधार नसला की वाचक सावध तरी राहतो.

मग हळदीचं वाक्य लिहायचं कसं? त्याचे तीन तुकडे करून. पहिल्यात वापर येतो: महाराष्ट्रात घरगुती उपचार म्हणून हळद लावतात. याला लोकवैद्यकाचा किंवा समाजशास्त्राचा आधार चालतो. दुसऱ्यात प्रयोगशाळा: हळदीतल्या कर्क्युमिनचा काचेच्या बशीत आणि प्राण्यांत काय परिणाम दिसला. इथे "प्रयोगशाळेत" आणि "प्राण्यांत" हे शब्द वाक्यात राहिलेच पाहिजेत. तिसऱ्यात माणसांवरच्या चाचण्या, आणि त्यासाठी एखादा सुटा निबंध न घेता अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा घ्यायचा. आढावा जेवढं म्हणतो तेवढंच लिहायचं. शेवटी एक साधी गोष्ट जोडता येते, अर्थात आधारासह, की स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. तीन तुकडे केले की वाक्याचा डौल जातो हे कबूल. गेला तर जाऊ द्या.

हळदीला निदान जुने ग्रंथ आहेत. कंबरमोडीची गोष्ट आणखी मजेशीर आहे. बांधावर, रस्त्याच्या कडेला, पांढुरक्या पाकळ्यांचं आणि पिवळ्या मध्याचं एक एक फूल उंच दांड्यावर उभं करणारी ही वनस्पती. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी दगडी पाला. खुरपताना बोट कापलं की पाला चोळून रस पिळायचा, हे शेतात काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. आता कुणीतरी लिहितं, "प्राचीन आयुर्वेदात सुश्रुताने वर्णिलेली ही वनौषधी". ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स या शास्त्रीय नावाची ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. कोलंबसाच्या आधी ती इथे असण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे सुश्रुताला ती माहीत असणं शक्य नाही. मिरची आणि तंबाखूही त्याच वाटेने आल्या. वापर खरा आहे, रस लावतात हेही खरं आहे, उंदरांवर तिचे प्रयोगही झालेले आहेत. खोटं आहे ते फक्त "प्राचीन". ते एक विशेषण आधार न पाहता, वजन यावं म्हणून घातलं गेलं. विशेषणांना तळटीप मागायची सवय लागली तर निम्मी मराठी आरोग्यसदरं अर्ध्यावर येतील.

सुश्रुताचं नाव घ्यायला हरकत कशाचीच नाही. चिकित्सास्थानात आघाताने झालेल्या जखमांचे सहा प्रकार दिले आहेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. व्रणाच्या उपचाराचे साठ उपक्रम सांगितले आहेत. हे अध्यायाच्या क्रमांकासह लिहावं. पण पुढे हौसेने एक तक्ता केला जातो, डावीकडे सुश्रुताचे सहा आणि उजवीकडे आजच्या शल्यशास्त्रातले सहा, मध्ये बरोबरीची खूण. ही बरोबरी कुणी केली? एखाद्या शल्यतंत्राच्या पाठ्यपुस्तकाने केली असेल तर त्याचा पान क्रमांक द्या. लेखकाने स्वतः केली असेल, तर दोन्ही बाजूंना तळटीपा असूनही मधली खूण हे लेखकाचं संशोधन झालं. दोन खऱ्या गोष्टी जोडून तिसरी नवीच बनवणं हा या नियमाचा सर्वांत जास्त मोडला जाणारा भाग आहे. मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. बीडमधून ऊसतोडीला जाणारे मजूर हजारोंनी, याला आधार आहे. ऊस तोडताना कोयता हातापायाला लागतो, यालाही मिळेल. पण "म्हणून हातापायाच्या जखमांत बीड राज्यात पहिला" हे वाक्य कुणीही मोजलेलं नाही.

इथेच एक रास्त तक्रार उभी राहते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. मराठवाड्यातल्या जखमा पुस्तकात नाहीत. इंग्रजी पाठ्यपुस्तकातली नमुन्याची जखम मोटार अपघाताची, चाकूची किंवा बंदुकीच्या गोळीची असते. इथली जखम कडबा कुट्टीची, मळणी यंत्राची, बाभळीच्या काट्याची, बैलाच्या शिंगाची, चुलीजवळच्या भाजण्याची. काट्यावर बिब्बा घालतात आणि त्याच्या तेलाने कातडी फोड येऊन जळते, मग डॉक्टरपुढे दोन जखमा येतात. रुईचा चीक काट्यावर लावताना डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते. हे सगळं इथल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला पाठ आहे. आधाराची अट लावली तर नेमकं हेच बाहेर राहतं आणि परदेशातली जखम आत येते, असा तो आक्षेप आहे.

निदान बरोबर आहे, औषध चुकीचं आहे. अट सैल केली तर कडबा कुट्टीबरोबर बिब्बाही "गुणकारी" म्हणून आत येईल, कारण बिब्ब्याचाही अनुभव सांगणारे गावोगाव आहेत. खरी उणीव ज्ञानकोशाच्या एक पायरी आधी आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथे पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. शल्यचिकित्सा, अस्थिरोग आणि न्यायवैद्यक या विभागांकडे यंत्राच्या, शिंगाच्या, भाजलेल्या जखमांच्या नोंदवह्या असतात. त्यांतून एका हंगामाची मोजदाद करणं अवघड नाही: वय, हाताचा कुठला भाग, यंत्राला तोंडाशी झाकण होतं की नाही, किती वेळाने पोचले, आधी जखमेवर काय लावलं होतं. "आधी काय लावलं होतं" हा रकाना बहुतेक केसपेपरवर नसतोच, आणि आपल्याला सर्वांत जास्त तोच हवा. अशी मोजदाद समीक्षित नियतकालिकात छापून आली, पुढे एखाद्या आढाव्यात किंवा पाठ्यपुस्तकात गेली, की ज्ञानकोशात मानाने येईल. प्रबंध तसाच कपाटात राहिला तर तो कच्चा आधार. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांसाठी केंद्राचा धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा १९८३ पासून आहे. त्याचा नोंदीत उल्लेख करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तरी मराठीत तो क्वचितच दिसतो.

दरम्यान, जे छापलेलं आहे तेही नीट उतरवलं जात नाही. कुट्टीत तुटलेल्या बोटाचं वाक्य पाहा. मराठीत ते "तुटलेला भाग बर्फात ठेवून रुग्णालयात न्यावा" असं येतं. मूळ सूचना अशी असते: भाग सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, पाणी शिरणार नाही अशा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लागला तर ऊती गोठते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि जोडण्यासारखं काही राहत नाही. म्हणजे सूचना लहान करताना गळालेला शब्दच बोट वाचवणारा होता. वेळेचे आकडेही असेच. पाठ्यपुस्तकं बोटासाठी साधारण १२ तास धरतात आणि नीट थंड ठेवलं तर २४. कोपराच्या वरून तुटलेल्या हातात स्नायू भरपूर, तिथे मर्यादा साधारण ६ तासांवर येते, कारण स्नायू रक्ताविना लवकर मरतो. एकच आकडा सगळ्याला लावला तर बोटवाला उगीच निराश होतो आणि हातवाला उगीच निवांत राहतो. सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय प्रत्येक जिल्ह्यात नाही, तेव्हा या फरकाला इथे फार किंमत आहे.

जुनं झालेलं ज्ञान हा वेगळा त्रास. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही आठवण गावांत अजून इतकी जिवंत आहे की माणसं त्या धास्तीने दवाखाना टाळतात. ती चेताऊतीपासून बनवलेली जुनी लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत लस देतात. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत द्यायची तर राष्ट्रीय कार्यक्रमात ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कातडीतल्या लसीसाठी ०, ३, ७ एवढाच आठवड्याचा क्रमही मान्य केला. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही एका नोंदीत आले तर वाचक गोंधळतो. उपाय सोपा आहे: कुणाची सूचना आणि कुठल्या वर्षाची, हे तळटीपेत न ढकलता वाक्यातच लिहायचं. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, मिरची, चुना, तेल, हळद काही लावायचं नाही, शक्यतो टाके टाळायचे, खोल जखमेत प्रतिपिंडांचं इंजेक्शन जखमेतच आणि भोवती द्यायचं, ही वाक्यं दोन्ही मार्गदर्शक सूचनांत सारखी आहेत. ती नोंदीच्या वरच्या भागात असावीत. लस कुणी शोधली हे खाली आलं तरी चालेल.

धनुर्वाताचंही थोडक्यात सांगतो. "गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो" हे वाक्य अर्धवट आहे. जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, गंज हा योगायोग. शिवाय राष्ट्रीय लसीकरणात टीटीच्या जागी आता टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची लस, आहे. जुनी पुस्तिका समोर ठेवून लिहिणाऱ्याला हे कळणारच नाही.

वाक्याच्या मालकीबद्दल आपल्याकडे दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, शासकीय पुस्तक म्हणजे सगळ्यांचं. तसं नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात शासकीय प्रकाशनांनाही प्रकाशनापासून ६० वर्षं संरक्षण आहे, आणि परवान्यात वेगळं म्हटलं नसेल तर उचलता येत नाही. दुसरा, जुनं पुस्तक मोकळं, म्हणून भरवशाचं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं १९३७ मध्ये निधन झालं, त्यामुळे तेव्हाच्या कायद्यातली मृत्यूनंतरची ५० वर्षं धरून त्यांनी लिहिलेला मजकूर १९८८ पासून मोकळा आहे. त्यांच्या ज्ञानकोशातला जखमेचा मजकूर उतरवला तर कायदा काही म्हणणार नाही. पण तो पेनिसिलिन माणसाला दिलं जाण्याच्या आधीचा मजकूर आहे. कायदा आणि शहाणपण यांची गल्लत होते ती इथे.

तथ्यावर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. आर. जी. आनंद यांच्या प्रताधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच धरलं. तेव्हा "जखम भरण्याच्या अवस्था चार: रक्त थांबणं, दाह, नवी ऊती भरणं, व्रणाची पुनर्रचना" हे कुणीही लिहू शकतो. मात्र एखाद्या पुस्तकाने त्या चार अवस्था ज्या क्रमाने, ज्या उदाहरणांनी, ज्या वाक्यांच्या जोडणीने समजावल्या त्या तशाच घ्यायच्या आणि "रक्तस्राव" खोडून "रक्त वाहणे", "प्रारंभ" खोडून "सुरुवात" करायची, ही चोरीच आहे. नुसती शब्दांची अदलाबदल ओळखायची एक खूण आहे: वाक्यांची संख्या आणि क्रम मुळाशी तंतोतंत जुळतो. टाळायचा मार्ग कामाच्या क्रमात आहे. निदान दोन आधार वाचा. तथ्यं सुट्या चिठ्ठ्यांवर टिपा, प्रत्येक चिठ्ठीवर पुस्तक, आवृत्ती, पान, आणि प्रयोग माणसावरचा की प्राण्यावरचा. पुस्तक मिटा. चिठ्ठ्या वाचकाच्या गरजेप्रमाणे लावा: आधी रक्त कसं थांबतं, मग धुणं, मग झाकणं, मग धोक्याच्या खुणा. लिहा. शेवटी पुस्तक उघडून आकडे तेवढे ताडून पाहा. पाठ्यपुस्तकाचा क्रम विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठी असतो, ज्ञानकोशाच्या वाचकाची गरज वेगळी असते, त्यामुळे क्रम आपोआप वेगळा येतो.

इंग्रजी नोंदीवरून भाषांतर करायला बंदी नाही, परवान्यात मुभा आहे, पण कुठून घेतलं हे नोंदीच्या इतिहासात सांगावं लागतं. भाषांतरातली खरी अडचण तळटीपांची. इंग्रजी नोंदीतल्या चाळीस तळटीपा मराठीत जशाच्या तशा येतात आणि त्यांतली एकही भाषांतरकाराने उघडलेली नसते. मग मूळ नोंदीतली चूक साक्षीपुराव्यासह मराठीत येते. न वाचलेला संदर्भ देऊ नये, पाचच वाचले असतील तर पाचच वाक्यं लिहावीत. मराठीत साधनं कमी म्हणून कमी लिहायचं का, असं विचारतात. आधार मराठीतच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि बारा खरी वाक्यं असलेली नोंद तीन पानांच्या भरताडापेक्षा लोकांच्या जास्त कामी येते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराबद्दल एवढंच सांगतो की त्यातल्या तळटीपा उघडून पाहा. लेखकाचं नाव, नियतकालिक, वर्ष सगळं पटण्यासारखं असतं आणि तसा निबंधच अस्तित्वात नसतो, असं वारंवार होतं.

जखमेच्या फोटोंची गोष्ट वेगळी नाही. नेटवरून उचललेला फोटो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि वॉर्डात मोबाइलवर काढलेला फोटो काढणाऱ्याचा असला तरी जखम रुग्णाची असते. लेखी संमती नसेल तर रेखाचित्र काढावं.

राहिला प्रश्न आधार नसलेल्या वाक्याचं करायचं काय. रूढ पद्धत म्हणजे त्यापुढे "संदर्भ हवा" अशी खूण लावायची आणि कुणीतरी देईल म्हणून वाट पाहायची. किल्ल्याच्या किंवा यात्रेच्या नोंदीत ही वाट वर्षानुवर्षं पाहिली तरी कुणाचं बिघडत नाही. जखमेच्या नोंदीत "चावा घेतलेल्या जागी चुना लावतात, त्याने विष उतरते" या वाक्यापुढची बारीक खूण मोबाइलच्या पडद्यावर कुणी वाचत नाही, वाक्य मात्र वाचलं जातं. तिथे खूण लावत बसू नये. आकडा, वेळ, मात्रा, "लावावे", "घ्यावे", "सर्वोत्तम" यांपैकी काहीही ज्या वाक्यात आहे आणि आधार नाही, ते त्याच दिवशी काढून चर्चापानावर ठेवावं, आणि ज्याला ते परत हवं असेल त्याने पान क्रमांकासह आणावं.